उजवा कामाचा, डावा घरचा

रंग बघायचा झाला की पेंटर आधी डावा डोळा मिटायचे. नुसता मिटून भागायचं नाही. त्यावर तळहात दाबून धरायचे, जणू तो उघडा राहिला तर मध्येच काहीतरी बोलून बसेल. मग उजव्या डोळ्यानं डब्यात बघायचे, डब्यावरून माझ्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "मालक, ओला रंग खोटं बोलतो. वाळू द्या. मग बोलू."

माझ्याबद्दलचं त्यांचं मतही बहुधा वाळायचं बाकी होतं. परभणीत जिंतूर रोडला आमचं रंगाचं दुकान होतं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, वडिलांनी दुकानात बसणं कमी केलं होतं आणि गल्ल्यावर मी बसायला लागलो होतो. दुकानाला लागूनच पत्र्याच्या शेडमध्ये पेंटर मोटारी रंगवायचे. त्यांना नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. त्यांची बायकोसुद्धा शेडच्या तोंडाशी उभी राहून "पेंटर हायत का?" असंच विचारायची.

अख्खी गाडी रंगवणारे पुष्कळ होते. पेंटरांची ख्याती होती ती टचपची. 'टचप' हा त्यांचाच शब्द. जुन्या गाडीला ओरखडा गेला, पोचा आला, की तेवढीच जागा घासायची, लांबीचा लगदा भरायचा आणि मूळच्या रंगाशी असा रंग जुळवायचा की मालकालाही जागा सापडू नये. ऐकायला सोपं वाटतं. पण वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग शेडकार्डावर कुठंच नसतो. डिकीच्या झाकणाखाली तो जन्मला तसा असतो, टपावर उडालेला असतो आणि दाराच्या आतल्या अंगाला तिसराच असतो. "ह्या तिघातला खरा कोनता?" असं पेंटर विचारायचे, आणि विचारताना असे बघायचे की आपणच त्या तिघांना पढवून आणलंय असं वाटावं.

तुमच्याही ओळखीत एखादा संशयी माणूस असेल. पण तो माणसांवर संशय घेत असेल. पेंटर उजेडावरसुद्धा घ्यायचे. लिंबाच्या झाडाखाली ते रंग जुळवत नसत, कारण "लिंबाची सावली हिरवी पडती." ट्यूब लावली की म्हणायचे, "येलदरी धरनाच्या लाइटीवर माझा इस्वास न्हाई. ती निळी हाय." लाल सदऱ्याचं गिऱ्हाईक गाडीजवळ आलं तर त्याला पार रस्त्याच्या कडेला पिटाळायचे, कारण सदऱ्याचा लाल दारावर उतरतो.

एकदा त्यांची बायको डबा घेऊन आली ती नवंकोरं पिवळं लुगडं नेसून. पेंटर मडगार्डपाशी वाकलेले. ते तिथूनच ओरडले, "बाजूला हो! सगळं पिवळं पडायलंय!" बाई आल्या पावली मागं सरल्या. त्यानंतर डबा घेऊन यायच्या तेव्हा त्यांच्या अंगावर धुवून धुवून विटलेलं एकच राखाडी लुगडं असायचं. "दादा, गावात समदे रंग कालवनाऱ्या मानसाची बायको मी," असं त्या मला सांगायच्या, "आन् मलाच रंगाचं काय नेसता येईना." पण हे हसून सांगायच्या.

शेडच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. एकदा मी वैतागून विचारलं, "पेंटर, या जगात कुणा एकावर तरी विश्वास ठेवता का हो?" त्यांनी तसबिरीकडं बोट केलं. "आमच्यात तसंच शिकिवलंय. कुनी सांगितलं म्हनून मानायचं न्हाई. तपासायचं, मग मानायचं." पण चहावाल्यानं चहात पाणी किती घातलं हे रोजच्या रोज तपासायला बुद्धानं सांगितलं असेल, असं मला काही वाटत नाही.

डोळ्यांचीही त्यांनी वाटणी करून टाकली होती. "उजवा कामाचा, डावा घरचा," असं ते म्हणायचे. हैदराबादला ज्या उस्तादाकडं ते हा धंदा शिकले, तो म्हणे दोन डोळ्यांनी रंग बघू द्यायचाच नाही. दोन साक्षीदार आले की तंटा आलाच, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून डाव्याकडं जेवणखाण, लग्नकार्य आणि बाजारहाट, आणि रंग मात्र एकट्या उजव्याचा.

उजव्याची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे डॉक्टरसाहेबांची मोटार. डॉक्टर निजामाच्या काळात हैदराबादला शिकलेले, त्यांच्या बोलण्यात उर्दू येता-जाता डोकवायची. मोटारही त्याच काळातली, विलायती. रंग मोतिया. मोतिया म्हणजे धड पांढरा नाही आणि धड पिवळाही नाही, दुधावर साय धरायला लागते तेव्हाचा. ही गाडी घेऊन डॉक्टर वालूर, चारठाणा अशा गावांना व्हिजिटला फिरायचे आणि वाटेतल्या बाभळी दर फेरीला तिच्या दारांवर बोचकारे काढायच्या. त्यामुळं गाडी सारखी शेडमध्ये. पेंटर डॉक्टरांच्या तोंडावर तिला 'माझी' म्हणायचे. "काय केलंत वं माझ्या गाडीला?" असं दरडावून विचारायचे आणि डॉक्टर बिचारे खालमानेनं बाभळीचं नाव सांगायचे.

मग एका उन्हाळ्यात त्यांनी माझ्या मालाबद्दल कुरकुर सुरू केली.

"मालक, ह्यो पांढरा मळका हाय."

मी दुसरा डबा फोडला. तोही मळका. तिसरा फोडला. त्याचं झाकण त्यांनी उलटसुलट करून बघितलं. "शील तर बरोबर हाय," ते पुटपुटले. "म्हंजे तिकडं कंपनीवालेच सामील हायत."

पांढरा झाला, मग पिवळ्याची पाळी आली. "पिवळ्यात दम न्हाई. कितीबी टाका, चढंना." आणि चढत नाही म्हणून ते आणखी टाकायचे. इथवर ठीक होतं. पण पुढं ते रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, की आता पहिल्यासारखा माल ऱ्हायला न्हाई, भेसळ हाय. वडिलांच्या कानावर हे गेलं. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. मला भयंकर राग आला. पेंटरांच्या शेजारी राहून मलाही संशयाची लागण झालीच होती. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या दुकानदारानं यांना फितवलंय.

इकडं डॉक्टरांच्या गाडीवर ठिगळं दिसायला लागली. दारावर एक, मडगार्डवर एक, बॉनेटच्या कडेला दोन. पिवळीजर्द. पेंटर काम झालं की चार पावलं मागं जायचे, डाव्यावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "बोट ठिवून दाखवा कुठं हाय ते." अख्खा जिंतूर रोड बोट ठेवू शकला असता. कुणी ठेवलं नाही.

डॉक्टर दुकानात येऊन मला म्हणाले, "गाडीला हळद लागली रे बाबा. आता लग्नाचं बघायला पाहिजे." हसले आणि मग हळूच म्हणाले, "मला शक आहे तो त्याच्या नजरेचा. पण बॅटरी घेऊन जवळ गेलो की पठ्ठ्या उठून चालायला लागतो."

बाकीचे लोक डॉक्टरांएवढे सोशीक नव्हते. जीपवाले, सरकारी ड्रायव्हर एकेक करून दुसरीकडं जायला लागले. ज्या माणसाला गाव फक्त रंग जुळवणारा म्हणून ओळखतं, त्याचा रंग जुळत नाही म्हटल्यावर राहिलं काय? शेडपुढं गाड्या दिसेनाशा झाल्या. पेंटर नुसते बसून असायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाकडं असे बघायचे, की गाड्या यानंच लपवल्यात.

एक दिवस ते दुकानात आले ते उजव्या डोळ्यावर फडकं बांधून. थिनरचा शिंतोडा उडाला होता, बायकोनं डोळा पाण्यानं धुवून बांधून दिला होता. आल्या आल्या सवयीनं पांढऱ्याचा डबा उघडायला लावला, आत बघितलं आणि एकदम माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

"माल बदलला तुमी."

"कालचाच डबा आहे."

"काल मळका व्हता. आज पांढराफेक हाय." मग त्यांनी पिवळा उघडायला लावला. "ह्याच्यातबी दम आला!" आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, "भ्यालात ना? मी गावात बोलायलो म्हनून चांगला माल काढलात."

मला हसावं की रडावं कळेना. मी शपथ घेतली. शपथेचा त्यांच्यावर काही परिणाम होत नसे. शेवटी म्हणालो, "फडकं सोडा आणि तुमच्या कामाच्या डोळ्यानं बघा. मग तरी पटेल."

त्यांनी फडकं सोडलं. डबा त्यांच्याच हातात होता, त्यामुळं मी काही हातचलाखी केली असं म्हणायची सोय नव्हती. उजव्यानं बघितलं. मग तळहात उजव्यावर नेला आणि डाव्यानं बघितलं. पुन्हा उजव्यानं. डबा घेऊन बाहेर उन्हात गेले, तिथंही तेच. परत आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "मालक, दोघातला एक खोटं बोलायलाय."

कोणता, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्यांना मात्र ते मान्य होईना. उजवा त्यांचा जन्माचा सोबती, आणि डावा? डाव्याला रंगातलं काय कळतं? "ह्यो घरचा. ह्याला समदं चांगलंच दिसतं," असं म्हणून ते डाव्यालाच दोष द्यायला लागले. मला विचारलं, "तुमी सांगा, पांढरा हाय का मळका?" मी पांढरा म्हणालो. "तुमी तर इकनारे," म्हणून माझी साक्ष त्यांनी तिथंच बाद केली.

मग निवाड्याला डॉक्टर. मी सोबत गेलो, कारण माझ्या मालाची अब्रू त्यात होती. गाडी दवाखान्यापुढंच उभी होती. पेंटरांनी खुर्चीत बसून दोन्ही डोळ्यांची तक्रार मांडली, आणि पहिल्यांदाच बॅटरी जवळ येऊ दिली. डॉक्टरांनी उजव्यात उजेड टाकला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "मोतिया."

पेंटर खुर्चीतून उठलेच. "बघा मालक! मी काय म्हनत व्हतो? उजव्याला मोतिया बरोबर दिसायलाय. डावा लबाड हाय!"

"अरे, बस. गाडीचं नाही म्हणत मी."

"मग कशाचं?"

"डोळ्याचं. मोतिया उतरलाय तुझ्या उजव्यात. मोतीबिंदू."

पेंटर बसले. जो शब्द आयुष्यभर त्यांनी डब्यात कालवला, तोच आता डोळ्यात येऊन बसला होता. त्यांनी खिडकीतून गाडीकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं. इतक्या बारीक आवाजात ते बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. "तपासा आनिक एकदा," ते म्हणाले. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं.

शाळेला सुट्टी लागली की तिच्या वर्गांत डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर भरायचं. तोवरचे दिवस पेंटरांनी प्रश्न विचारण्यात घालवले. भूल देनारा कोन? कापनारा कोन? दोघं एकमेकाला आधीपासून ओळखतात का? काढलेलं काय करतात? टाकून देतात म्हटल्यावर म्हणाले, "मी बघितल्याबिगर टाकायचं न्हाई." आम्ही हसायचो. पण एकदा दुकानाच्या पायरीवर बसून ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, "मालक, उजवा गेला तर डावा घेऊन घरला जाता येतं. शेडला काय घेऊन येऊ?" माझा सगळा राग त्या वाक्यासरशी उतरला. त्या दिवसानंतर मी त्यांच्यावर कधी चिडल्याचं आठवत नाही.

त्यांना तयार केलं ते डॉक्टरांनीच. "ओल्या रंगाचं तू काय म्हणतोस? वाळू द्या, मग बोलू. याचंही तसंच. पट्टी सुटू दे, मग बोलू. आणि तोवर गाडीला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. जबान देतो."

ऑपरेशन झालं. त्या काळी एकाच डोळ्याचं असलं तरी दोन्ही डोळे बांधून ठेवत. डॉक्टरांनी डोळ्यातून काढलेला मोतीबिंदूचा मणी सलाइनच्या पाण्यात घालून इंजेक्शनच्या बाटलीत जपून ठेवला, आणि डाव्याची पट्टी सुटल्यावर पेंटरांच्या हातात दिला. पेंटरांनी बाटली खिडकीच्या उजेडाकडं धरली. डावा डोळा आता कामाला लागला होता. बराच वेळ बघून त्यांनी निकाल दिला. "ह्येला मोतिया कुनी नाव ठिवलं? ह्यो तर बदामी हाय."

पुढं जाड भिंगांचा चष्मा आला. त्यात त्यांचा उजवा डोळा म्हशीच्या डोळ्याएवढा दिसायचा आणि संशयही तेवढाच मोठा. पहिल्या दिवशी दुकानात येऊन पांढऱ्याचा डबा उघडायला लावला. डाव्यावर तळहात. मी गल्ल्यावरून उठून उभा राहिलो.

"पांढरा हाय," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? आता बरोबर माल आनायलाव तुमी."

तिथून ते डॉक्टरांच्या घरी निघाले, म्हणून मीही निघालो. गाडी अंगणात उन्हात होती. पेंटर एका बाजूनं सुरू झाले. दार, मडगार्ड, बॉनेट. चालता चालता थांबले. परत मागं आले. मोतिया रंगावर हळदीचे हात मारावेत तशी ती सगळी ठिगळं त्यांना आता एकाच वेळी दिसत होती.

"हे कुनी केलं?" त्यांनी विचारलं.

मी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर चप्पल सरकवत अंगणात उतरले.

"माझं चुकलं, पेंटर. तू नव्हतास तेव्हा एकाला हात लावू दिला."

"जबान दिली व्हती तुमी."

"दिली होती. मोडली."

"कोन व्हता? नांदेडचा पेंटर का?"

"असेल. मी नाव कुठं विचारतो."

"त्येला रंगातलं काय कळत न्हाई. आंधळा हाय त्यो."

"आंधळा नव्हता रे," डॉक्टर म्हणाले. "दिसत नव्हतं बिचाऱ्याला थोडं."

मला वाटलं, आता हा माणूस खोदून खोदून विचारणार. कोण, कधी, कुणाच्या शिफारशीनं. पेंटरांनी चष्मा वर सारला, खाली घेतला आणि म्हणाले, "बरं." एवढंच. चहातलं पाणी तपासणाऱ्या त्या माणसानं ती एक गोष्ट न तपासता मानली.

मग त्यांनी गाडी शेडमध्ये आणली आणि एकेक ठिगळ घासून काढलं. रंग कालवून डब्याच्या झाकणावर लावायचे, वाळू द्यायचे, दारापाशी धरायचे, पुन्हा कालवायचे. लिंबाची सावली, लाल सदरे, येलदरीची लाइट, सगळ्यांवरचे संशय पूर्ववत सुरू झाले. गाडी बाहेर आली तेव्हा बोट ठेवायला जागा नव्हती. म्हणजे एकच होती. मागच्या दाराच्या मुठीखाली तळहाताएवढं एक पिवळं ठिगळ तसंच होतं. डॉक्टरांनी ते दाखवलं.

"राहू द्या त्ये," पेंटर म्हणाले. "त्यो गडी उद्या आला आन् म्हनला, म्या ह्या गाडीला हातच लावला न्हाई, तर? पुरावा पायजे."

हे बोलताना ते डॉक्टरांकडं बघत नव्हते आणि माझ्याकडंही नाही. त्या ठिगळावरची नसलेली धूळ ते सदऱ्याच्या बाहीनं पुसत होते. तेव्हा आम्हाला कळलं, की तो गडी कोण हे त्यांना अंगणात पाय ठेवल्यापासून माहीत होतं. डॉक्टर "बरोबर आहे" म्हणाले आणि आत गेले. मी उगाच शेडमधले रिकामे डबे लावत बसलो.

गाड्या परत यायला लागल्या. पेंटर पुढं काही वर्षं शेडमध्ये होते. मग एका हिवाळ्यात छातीचं दुखणं आलं आणि त्यात ते गेले. शेड बंद झाली. डॉक्टरांचं फिरणंही वयानं थांबलं आणि गाडी त्यांच्या अंगणात पत्र्याखाली उभी राहिली.

एक दिवस पेंटरांच्या बायको दुकानात आल्या. "दादा, त्यांची गाडी बगायची व्हती मला," म्हणाल्या. मी त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी गाडी ढकलून उन्हात काढायला लावली. बाईंनी ती चारी बाजूंनी बघितली. गाडी शेडमध्ये असताना त्यांना कधी इतकं जवळ येऊ दिलंच नव्हतं. मागच्या दाराशी त्या थांबल्या आणि मुठीखालच्या ठिगळावर त्यांनी हात ठेवला. त्याची गोष्ट त्यांना घरी सांगितलेली असावी, कारण त्यांनी काही विचारलं नाही.

अंगावर तेच पिवळं लुगडं होतं. इतकी वर्षं पेटीत घडी घालून ठेवलेलं, घड्यांच्या रेषा अजून उमटलेल्या. माझी नजर तिकडं गेलेली बघून म्हणाल्या, "म्हनलं, आता नेसावं. आता कोन हटकनार हाय?"

ऊन तिरपं होतं. त्यांच्या लुगड्याचा पिवळा सगळ्या दारावर उतरला होता, आणि त्या उजेडात ते ठिगळ आणि गाडी एकाच रंगाची दिसत होती. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं नाही.